युरोव्हिजन न बघण्याची रात्र

ह्याल्तीने हात वर केला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे.

हात गरम पाण्यातून वर आला होता, त्यामुळे त्यातून वाफा निघत होत्या आणि तो इतरांपेक्षा जरा जास्तच ठाम दिसत होता. आइसलँडमधल्या सेलविक गावाच्या पोहण्याच्या तलावाशेजारी दोन गरम कुंडं आहेत, एक अडतीस अंशांचं आणि एक बेचाळीस अंशांचं. गावाचे सगळे निर्णय अडतीसच्या कुंडात गळाभर पाण्यात बसून होतात. नगरपालिका मागाहून त्यावर शिक्का मारते, इतकंच. तेव्हा इथे वर केलेला हात म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरात बोललेली गोष्ट नव्हे, की उद्या म्हणावं, मी तसं म्हणालोच नव्हतो.

"सातातले सात," शाळेची मुख्याध्यापिका ब्रिनहिल्दुर म्हणाली. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि टोपीखाली समाधान. "म्हणजे ठरलं. या वर्षी सेलविकमध्ये युरोव्हिजन कुणी बघणार नाही. तो देश तिकडे बॉम्ब टाकतोय आणि इकडे स्टेजवर येऊन प्रेमाची गाणी म्हणतोय. आपण टाळ्या वाजवायच्या? शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आपणच गाऊ. ह्याल्ती, तू हात वर केलास याचं मला विशेष कौतुक वाटतं हं. तुझ्यासाठी हे किती अवघड आहे ते काय मला ठाऊक नाही?"

"अवघड कसलं त्यात," ह्याल्ती म्हणाला आणि हनुवटीपर्यंत पाण्यात गेला.

ब्रिनहिल्दुरला वाटत होतं की तिला ठाऊक आहे. तिला एवढंच ठाऊक होतं की शाळेची बस चालवणारा आणि दोनशे मेंढ्या पाळणारा या एकसष्ट वर्षांच्या माणसाने, आइसलँड युरोपातल्या देशांच्या या गाण्यांच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला त्या वर्षापासून, एकही युरोव्हिजन चुकवलेली नाही. मुलांना शाळेत सोडताना तो बसमध्ये मोल्दोव्हाची गाणी लावतो. आईने शिवून दिलेलं चंदेरी टिकल्यांचं जॅकेट तो वर्षातून एकदा चढवतो, आणि दरवर्षी ते पोटावर थोडं कमी बसतं. हे सगळं खरं होतं. पण अवघड ते नव्हतं.

अवघड होतं ते शेजारच्या कुंडात, बेचाळीस अंशांत, पाठ करून बसलं होतं. त्याचं नाव केटिल. तो ह्याल्तीचा थोरला भाऊ.

या दोन भावांची शेतं एकमेकांना लागून आहेत, मधे तारेचं एक कुंपण. आणि अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरपासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. कारण अगदी चार पायांचं होतं. डोंगरावर उन्हाळाभर मोकळ्या फिरणाऱ्या मेंढ्या खाली आणून सगळा गाव त्या वेगळ्या करतो, कानाला कापून केलेल्या मालकीच्या खुणा बघून ज्याच्या त्याच्या वाड्यात ढकलतो. दोघा भावांची खूण वडिलांकडून आलेली. उजव्या कानाला दोघांच्याही मागून तिरका छेद. फरक फक्त डाव्या कानात: ह्याल्तीचा डावा कान साबूत, केटिलच्या डाव्या कानाला पुढून एक खाच. त्या वर्षी एक छान गुटगुटीत कोकरू आलं, ज्याचा डावा कान कुठल्याशा तारेत अडकून अर्धा फाटून गेला होता. जिथे खाच असायची किंवा नसायची, तो भागच जागेवर नव्हता. ह्याल्ती म्हणाला माझं, केटिल म्हणाला माझं. ह्याल्ती कोकराच्या जास्त जवळ उभा होता, एवढ्यावरून कोकरू त्याच्या वाड्यात गेलं आणि नाताळात धुरावून ताटात आलं. केटिलने त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं. ह्याल्तीनेही मग सोडलं. एकट्यानेच बोलत राहणं बरं दिसत नाही.

त्यांच्या आईने समेटाचे दोन प्रयत्न केले. दोन्ही फसल्यावर ती म्हणाली, ठीक आहे, वर्षभर मरा एकमेकांपासून तोंड फिरवून. पण युरोव्हिजनच्या रात्री दोघांनी माझ्याबरोबर एका सोफ्यावर बसायचं, माणसासारखं बोलायचं आणि त्या रात्री कोकराचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्याला माझ्या घराचं दार बंद.

तेव्हापासून वर्षातून एक रात्र हे दोघे बोलत. पोर्तुगालच्या गायकाच्या मिशांबद्दल, जर्मनीच्या नशिबाबद्दल, ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना किती गुण देतात त्याबद्दल. आईने पुठ्ठ्याच्या गुणपत्रिका केल्या होत्या. केटिल आईच्या काचेच्या डिशमध्ये पाव, हॅम, चीज आणि डब्यातली शतावरी घालून भाजलेला लगदा आणायचा किंवा ह्याल्ती करायचा. ज्याने निवडलेलं गाणं खाली राहील त्याने डिश घरी न्यायची आणि पुढच्या वर्षी भरून आणायची, असा नियम. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतरच्या मे महिन्यात केटिल येईल की नाही, याची ह्याल्तीला धाकधूक होती. बरोबर सात वाजता केटिल ह्याल्तीच्या घराचं दार ढकलून आत आला, कोट काढला, आईकडून आणलेल्या सोफ्यावर आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "अल्बेनिया या वर्षी बरं आहे म्हणतात." मधली आईची जागा दोघांनी रिकामी ठेवली. गेल्या वर्षी केटिल हरला, तेव्हा डिश त्याच्याकडे गेली.

तर असं होतं सगळं. युरोव्हिजन गेली की ती रात्र गेली. ती रात्र गेली की केटिल गेला, डिशसकट.

आणि तरीही हात वर गेला होता, आणि तो खोटा नव्हता. ह्याल्ती काही राजकारणातला माणूस नव्हे. पण थंडीभर त्याने बातम्या बघितल्या होत्या. एका बाईच्या हातात एकच बूट होता, लहान मुलाचा, आणि ती तो कुणाला तरी दाखवत होती, जणू विचारत होती की दुसरा कुणी पाहिलाय का. त्या रात्री ह्याल्ती उठून बाहेर गेला आणि मेंढ्यांमध्ये उभा राहिला. त्यानंतर टिकल्या, कागदी पावसाची मशीनं आणि 'आपण सारे एक' असं हसून सांगणारे निवेदक त्याच्या डोळ्यांसमोर आले की त्याला लाज वाटायची. बघायचं नाही, हे त्याचं मन केव्हाच सांगत होतं. ब्रिनहिल्दुरने फक्त विचारलं.

हात खाली घेताना त्याने बेचाळीसच्या कुंडाकडे चोरून पाहिलं. केटिलची मान लाल झाली होती. पण ती तिथे सगळ्यांचीच होते.

* * *

"मग कळव की त्याला," त्याची बायको रान्वेग म्हणाली. ती वृद्धाश्रमात नर्स होती आणि दिवसभर हट्टी म्हाताऱ्यांना औषधं पाजून घरी आल्यावर आणखी एक हट्टी म्हातारा सांभाळायची तिची तयारी नसे.

"कसं कळवणार? आम्ही बोलत नाही."

"फोनवर लिही."

"लिहिणं म्हणजे बोलणंच झालं ना."

"म्हणजे तुम्ही बोलत नाही हे सांगायला बोलायचं नाही, आणि बोलायची जी रात्र आहे ती रद्द झाली हेसुद्धा त्या रात्रीच सांगायचं?"

"तू सांग ना त्याला. वृद्धाश्रमात येतो तो, त्या थोरबर्गुरला भेटायला."

"मी नर्स आहे, पोस्टमन नाही. अकरा वर्षं तुमच्या निरोपांची कबुतरं उडवलीत मी. आता पुरे."

ह्याल्ती थोडा वेळ बटाटे सोलत राहिला. मग म्हणाला, "आवाज बंद करून बघितलं तर?"

"गाण्यांची स्पर्धा? आवाज बंद करून?"

"बहिष्कार गाण्यांवर आहे ना."

"मग ते कपड्यांचं दुकान बघितल्यासारखं होईल."

"बरं, सगळं बघायचं, पण त्या देशाचं गाणं लागलं की उठून स्वयंपाकघरात जायचं."

"ते तू स्वीडनच्या गाण्याला दरवर्षी करतोस. स्वीडनने तुझं काय बिघडवलंय?"

"बघायचं, पण मत द्यायचं नाही. फोनवरून मत दिलं की पैसे जातात, नुसतं बघितल्याने काय जातं?"

रान्वेगने हातातला टॉवेल खाली ठेवला. "ह्याल्ती, एक सांग मला. गाणी चुकणार म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, की केटिल चुकणार म्हणून?"

"मेंढ्यांकडे जाऊन येतो," ह्याल्ती म्हणाला. मे महिना म्हणजे मेंढ्या विण्याचे दिवस. या दिवसांत मेंढ्यांकडे जातो म्हणणाऱ्याला सेलविकमध्ये कुणी अडवत नाही, मग त्याचं कारण मेंढी असो वा बायको.

बाहेर त्याला संधी मिळाली. कुंपणापलीकडे केटिल वाकून तार ताणत होता. ह्याल्तीचा कुत्रा कौतुर नेहमीप्रमाणे पायात घुटमळत होता. ह्याल्ती कुंपणापासून बेताच्या अंतरावर थांबला आणि कुत्र्याला मोठ्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस का कौतुर, या शनिवारी आपल्याकडे टीव्ही लागायचा नाही बरं का!"

कौतुरने शेपूट हलवली. केटिलने तार ताणली.

"म्हणजे टीव्ही लागणार नाही, याचा अर्थ कुणी यायचं नाही असा नाही हं, कौतुर! ज्याला यायचं त्याने यावं. पण बघायला मिळेल या आशेने येऊ नये. आणि नाही आलं तरी आम्हाला काही वाटणार नाही. म्हणजे वाटेल. पण..." इथे वाक्य हातातून सुटलं. कुत्रा मान वाकडी करून बघत होता, त्यालाही ते झेपेना.

केटिल उठला, ट्रॅक्टरवर चढला आणि इंजिन सुरू करून निघून गेला.

"गेला," ह्याल्ती कौतुरला म्हणाला, या वेळी हळू आवाजात. "आता त्याला वाटणार, मी त्याला येऊ नको म्हणालो."

मंगळवारी उपांत्य फेरी झाली. ह्याल्ती तेवढा वेळ मेंढ्यांच्या गोठ्यात बसला. तिथल्या धुळकट रेडिओवर एरवी मेंढ्यांसाठी गाणी लावलेली असतात. त्याने तो बंद केला, आणि खात्री म्हणून त्याची बॅटरीही काढून खिशात टाकली. एका मेंढीला जुळं झालं. दोन्ही कोकरांना गवताने पुसता पुसता आपण कुठलीतरी चाल गुणगुणतोय हे त्याच्या लक्षात आलं. ती बारा वर्षांपूर्वीच्या फिनलंडची होती. जुन्या गाण्यांवर बहिष्कार आहे की नाही, हे कुंडात ठरलंच नव्हतं. त्याने तोंड मिटलं, पण चाल आत चालूच राहिली.

* * *

शनिवार उजाडला, म्हणजे अंधार असा पडलाच नव्हता. मे महिन्यात सेलविकमध्ये कुणाला काही लपवायचं तर उजेडातच लपवावं लागतं. एरवी युरोव्हिजनच्या दिवशी दुपारीच रस्ते रिकामे होतात, तलाव लवकर बंद होतो, दुकानातला वाळवलेला मासा आणि लोणी संपतं. या वर्षी सगळा गाव बाहेर होता. प्रत्येक जण आपण घरात नाही हे दाखवायला बाहेर पडलेला. ज्यांनी आयुष्यात कधी पायी फेरफटका मारला नव्हता ते नवरा-बायको हातात हात घालून फिरत होते.

रान्वेग सहा वाजता चर्चच्या हॉलकडे निघाली. "येतोस?"

"एक मेंढी आज विणार आहे."

"अंगात काय घातलंयस?"

ह्याल्तीने खाली बघितलं. स्वेटरवर चंदेरी टिकल्यांचं जॅकेट होतं. "जॅकेटने काय पाप केलंय? जॅकेट आईने शिवलंय."

रान्वेगने जाता जाता त्याच्या गालाला हात लावला. ती असं क्वचित करायची, त्यामुळे ह्याल्तीला आणखीच वाईट वाटलं.

टीव्हीची वायर त्याने सकाळीच काढून ठेवली होती आणि पडद्यासमोर जिरेनियमची कुंडी. सोफ्यावर तो आपल्या कडेला बसला. मधे आईची जागा, पलीकडे केटिलची. दोन्ही रिकाम्या. घड्याळ सातकडे सरकत होतं आणि ह्याल्ती मनाशी म्हणत होता, तो यायचा नाही. कुत्र्याशी बोललेलं ऐकलंय त्याने. तो यायचा नाही, आणि पुढच्या वर्षी यायचं कारण पुढच्या वर्षी राहणार नाही. एका कोकरापायी हातून भाऊ जातो म्हणजे काय, हे अकरा वर्षांत त्याला इतकं नीट कळलं नव्हतं, कारण दर मे महिन्यात तो परत मिळत होता.

दार ढकललं गेलं.

केटिल उंबऱ्यावर उभा होता. डोक्यावर टोपी, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली डिश, चेहऱ्यावर भांडायला आलेल्या माणसाचा भाव. तो आत आला नाही.

"मी बघायला आलेलो नाही," तो म्हणाला. "आधीच सांगतो. टीव्ही लावलास तर हा मी चाललो. मलाही बातम्या दिसतात. बेचाळीसच्या कुंडातही हात वर झाले होते, पहिला माझा होता. तुमच्याकडे पाठ होती म्हणून तुला दिसला नाही."

ह्याल्ती उभा राहिला. "मी पण बघत नाहीये."

"जॅकेट घातलंयस."

"जॅकेटवर बहिष्कार नाही."

केटिलने कुंडीआडच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं, लोंबणारी वायर पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं भांडण ओसरलं आणि त्या जागी काय ठेवावं हे त्याला सुचेना. "बरं," तो म्हणाला. "मग मी जातो."

"जातोस?"

"बघायचंच नाही तर येऊन काय करू? डिश द्यायला आलो होतो. आईची आहे."

"गरम आहे?"

"आत्ताच काढली."

"मग गरम डिश घेऊन उंबऱ्यात काय उभा आहेस? बस."

केटिल बसला. आपल्या जागी, पलीकडच्या कडेला. डिश मधे, आईच्या जागेवर ठेवली. दोघांनी काटे घेतले आणि समोरच्या जिरेनियमकडे बघत खायला सुरुवात केली.

पंधराएक मिनिटं नुसते काटेच वाजले. बोलणार कशावर? दरवर्षी विषय समोरून चालत यायचे, पंख लावून, धूर सोडत, एकामागून एक. जिरेनियमवर दोघांचंही काही मत नव्हतं.

"शतावरी जास्त झालीय," ह्याल्ती शेवटी म्हणाला.

"दोन डबे उघडले चुकून," केटिल म्हणाला.

तेवढ्यात खिडकीबाहेरून ब्रिनहिल्दुर गेली, टोपी आणि चालायच्या दोन काठ्या घेऊन, दर खिडकीत मान वळवून बघत.

"गस्त घालतेय," केटिल म्हणाला. "आपलं गाणं सोडून दुसऱ्याचं ऐकायला निघालीय."

ह्याल्तीचा हात सवयीने सोफ्याच्या बाजूच्या कप्प्यात गेला आणि गुणपत्रिका घेऊन वर आला. "किती देतोस?"

केटिलने डोळे बारीक केले. "चाल सात. टोपी एक. काठ्यांचा काही उपयोग दिसला नाही."

"मी आठ देतो. निर्धार आहे बाईत."

मग टपाल कचेरीतला जाडा माणूस पळत गेला. त्याला पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याला दोघांनीही दहा दिले. मग समोरच्या घरात म्हाताऱ्या थोरबर्गुरचा मुलगा राहतो, त्याचे जाड पडदे ओढलेले दिसले आणि पडद्याच्या कडेने निळा, मग गुलाबी, मग हिरवा उजेड लुकलुकताना.

"मासे ठेवायचं टाकं घेतलं असेल," ह्याल्ती म्हणाला.

"गुलाबी मासे?"

"शून्य," दोघे एकदम म्हणाले, आणि हसले. हसताना दोघांच्याही लक्षात आलं की आपण हसलो, आणि दोघांनीही घाईने शतावरी तोंडात घातली.

हळूहळू रस्ता रिकामा झाला. चर्चच्या हॉलमधून गाण्याचा आवाज वाऱ्यावर येत होता, बराचसा बेसूर. एरवी एव्हाना सगळी गाणी होऊन गुण मोजायला सुरुवात झालेली असते. केटिलने काटा खाली ठेवला, टॉवेलला हात पुसले, सरळ होऊन बसला आणि म्हणाला:

"ते कोकरू माझं होतं."

ह्याल्तीला ठसका लागला. "केटिल! आईचा नियम!"

"काय होता आईचा नियम? सांग."

"युरोव्हिजनच्या रात्री कोकराचं नाव काढायचं नाही."

"आज कसली रात्र आहे?"

ह्याल्ती उत्तर द्यायला वळला. त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं. वायर जमिनीवर पडली होती. आज या घरात कसलीच रात्र नव्हती.

"मी सबंध आठवडा विचार केला," केटिल म्हणाला. "तू कुत्र्याशी बोलत होतास तेव्हाही. अकरा वर्षं हे माझ्या पोटात आहे. वर्षभर बोलायचं नाही म्हणून सांगता येत नाही, आणि त्या एका रात्री आईने तोंड बांधून ठेवलेलं. दरवर्षी त्या पोर्तुगालच्या मिशांवर बोलताना मला आतून कोकरू ढुशा देतंय! आज पहिल्यांदा मोकळा आहे मी. तेव्हा ऐक. ते माझं होतं."

"तुझं कसं होतं?" ह्याल्तीचा आवाज आपोआप चढला. "तुझं कसं होतं, सांग ना! खाच दाखव!"

"खाच कुठून दाखवू? कान खाल्लास तू!"

"कान कुणी खात नाही! आणि फाटलेल्या कानात खाच नव्हतीच!"

"तू मोजलास का कान?"

"तू मोजलास?"

आणि मग धरण फुटलं. अकरा वर्षं दोघांनी आपापल्या ट्रॅक्टरवर, आपापल्या गोठ्यात, आपापल्या कुंडात एकट्याने घोटून ठेवलेले मुद्दे एकदम बाहेर पडले. कोकराची आई कोण होती, तिला काळा गुडघा होता का, त्या उन्हाळ्यात डोंगराच्या कुठल्या अंगाला कुणाच्या मेंढ्या होत्या, वडिलांनी खूण नक्की कुणाला दिली होती आणि देताना ते शुद्धीवर होते का. दोघे सोफ्यावरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ह्याल्तीने घाम आला म्हणून जॅकेट काढून फेकलं. केटिलने आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या घरात टेबलावर मूठ आपटली. कौतुर टेबलाखाली जाऊन बसला. आणि गंमत अशी की ह्याल्तीच्या छातीवरचं काहीतरी, जे कित्येक वर्षं तिथे बसलंय हे त्याला ठाऊकही नव्हतं, दर आरोपागणिक हलकं होत होतं. पोर्तुगालच्या मिशांवर ते दोघे फार सभ्यपणे बोलत आले होते. असं, तोंडाला तोंड देऊन, लहानपणी होडीच्या वल्ह्यावरून भांडायचे तसं, ते अकरा वर्षांत भांडलेच नव्हते. या माणसाचा ओरडा त्याला किती हवा होता! त्याला रडावंसं वाटलं, पण मधे एक मुद्दा सुचला म्हणून राहून गेलं.

रान्वेग हॉलमधून परतली तेव्हा तिला अंगणातूनच आरडाओरडा ऐकू आला. ती धावत आत आली. दोघे भाऊ लालबुंद होऊन टेबलावर वाकून, डोक्याला डोकं लावून बसले होते. मधली डिश चाटूनपुसून रिकामी. आईच्या गुणपत्रिका सगळीकडे पसरलेल्या, मागच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने काढलेले कानच कान: छेद असलेले, बिनछेदाचे, समोरून, मागून, एक तर चक्क शेपटीकडून.

"अरे, काय चाललंय काय!" ती म्हणाली. "चर्चच्या हॉलपर्यंत ऐकू येतंय. ब्रिनहिल्दुरला वाटलं तुम्ही बघताय!"

"बघत नाहीये," दोघे एकदम म्हणाले.

रान्वेगने कुंडी पाहिली, वायर पाहिली, मग कान पाहिले. तिने कोट काढून खुंटीला लावला. त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग ती वळून म्हणाली, "बरं मग? कोणाचं ठरलं कोकरू?"

"अजून कुठे?" केटिल म्हणाला. तो उठून टोपी शोधत होता. "आत्ताशी उजवा कान झालाय."

"पण उजव्या कानाबद्दल तुमचा वाद कधी होता? तो तर दोघांचा सारखा!"

"म्हणूनच तो आधी घेतला," ह्याल्ती म्हणाला. "खरी अडचण डाव्यात आहे. त्याला वेळ लागेल."

केटिल दारापाशी थांबला. डिश टेबलावरच होती. या वर्षी कुणी जिंकलं नव्हतं, कुणी हरलं नव्हतं, त्यामुळे ती कुणी न्यायची हे नियमात कुठेच नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, ह्याल्तीने बघितलं, आणि कुणीच तिला हात लावला नाही.

"पुढच्या शनिवारी मला सवड आहे," केटिल बाहेरच्या उजेडाकडे बघत म्हणाला.

"मला पण," ह्याल्ती म्हणाला. "सातला ये. आणि या वेळी मी करतो. शतावरीचा एकच डबा घालणार."

"तेवढ्यात डावा कान होणार नाही."

"नाही झाला तर त्याच्या पुढच्या शनिवारी ये," ह्याल्ती म्हणाला, आणि भाऊ कुंपणापर्यंत पोचेतो दारातच उभा राहिला.